जीवराम नानांचं कार्ड बदलायचं राहिलं

जीवराम नाना पहिल्यांदा आमच्या दुकानात आले तेव्हा त्यांनी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरलं होतं. मला वाटलं, झालं! या माणसाने आजारी बकरीचं पिल्लू उचलून कॉम्प्युटरच्या दुकानात आणलं. आमच्या गल्लीच्या टोकाला जनावरांचा दवाखाना आहे आणि चुकलेली माणसं आधी आमच्याकडेच डोकावतात.

"दवाखाना पुढे आहे, बाबा," मी मान वर न करताच म्हणाले.

नानांनी गोधडी काउंटरवर ठेवली, अलगद उघडली. आतून निघाला गेमिंग कॉम्प्युटर. एका बाजूला काच, आत लाल-निळे दिवे, पंखेच पंखे. मी बघतच राहिले. पायात जाड चपला, अंगात खाकी शर्ट, डोक्यावर टोपी, वय साठीला टेकलेलं, आणि हातात हे यंत्र!

"हाई मशीन बीमार शे, माय," नाना म्हणाले.

मी हर्षिता. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून आले, त्यांनी कापड विकलं. पप्पांनी, म्हणजे प्रकाशचंदांनी, टीव्ही विकले. मी कॉम्प्युटर विकते. खरं सांगायचं तर विकते कमी आणि गिऱ्हाईक परत जास्त पाठवते, असं पप्पांचं म्हणणं. माझं तोंड फाटकं आहे, हे गल्लीत कुणालाही विचारा. कुणीतरी मोबाईलवर दहा मिनिटांचा व्हिडिओ बघून येतो आणि म्हणतो, "ताई, नवीन ग्राफिक्स कार्ड टाकायचंय." माझं डोकं तिथेच तापतं. मी विचारते, "का टाकायचंय?" उत्तर नसतं. मित्राने टाकलं, एवढंच.

माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत. गेम खेळताना चित्र अडखळतं का? कार्ड तापून पंखा बोंबलतो का? आणि जो गेम खेळायचाय, तो या कार्डाला पेलतच नाही, असं आहे का? तिन्हींचं उत्तर नाही असेल तर गपगुमान घरी जा, जुनंच कार्ड अजून दोन वर्षं जाईल. तेही जाऊ दे, आजकाल कार्डांचे भाव ऐकले तर माणसाला चक्कर येते. तीस हजार, चाळीस हजार! एका डब्याच्या आतल्या डब्याला! पप्पा म्हणतात, "बेटा, गिऱ्हाईक माल मागतंय, तू त्याला प्रवचन देतेस." पण माझं निदान आजवर चुकलं नव्हतं. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

तर नाना. ते पिंपळनेरचे. सव्वीस वर्षं त्यांची काळी-पिवळी जीप पिंपळनेर ते धुळे चालते. सकाळी सातला निघायचं, वाटेत शाळेची पोरं उचलायची नि सोडायची, साक्रीला माणसं भरायची, साडेनवाला धुळे. दुपारी चारला परत. त्यांचा मुलगा ललित पुण्यात नोकरीला लागला आणि जाताना हे मशीन घरी सोडून गेला. एका रविवारी त्याने बापाला ट्रक चालवायचा एक गेम दाखवला. त्या दिवसापासून नाना त्यात जे बसले ते बसलेच.

"माय, मला तरुणपणी लाइनचा, लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा होता," नानांनी त्या पहिल्या भेटीतच सांगितलं. ते अहिराणीत सांगत होते, मी माझ्या मराठीत सांगते. "बापाने जीपची चावी हातात दिली, म्हणाला, लांब जायचं नाही. मी सुरतच्या पुढे गेलो नाही कधी. आता रविवारी जर्मनी करतो, फ्रान्स करतो. एकदा तर बर्फात गेलो." आणि असे लाजले, जणू चोरून शेजारच्या गावी तमाशाला जाऊन आले होते.

त्यांनी स्टीअरिंगसुद्धा घेतलं होतं. जुनं, कुणाकडून तरी. पायाखाली ब्रेक, क्लच, सगळं. मला हसू येत होतं आणि कौतुकही वाटत होतं.

"पण बिघडलंय काय?" मी विचारलं.

"बठ्ठं धुकं-धुकं दिखस. पाटी जोडे उनी का मंग दिखस."

म्हणजे सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं, रस्त्यावरची पाटी अगदी जवळ आल्यावरच कळते. ही गणपतीनंतरची गोष्ट. मी मशीन उघडलं, धूळ काढली, आमच्या टेबलावरच्या मॉनिटरला जोडून गेम चालवून बघितला. चित्र लख्ख. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी एक आकडा लावून ठेवते, एका सेकंदात किती चित्रं येतात त्याचा. साठ येत होती. "नाना, हा आकडा बघा, साठ! मशीन ठणठणीत आहे," मी म्हणाले. नाना म्हणाले, "हां, हां." आज आठवतं, त्यांनी त्या कोपऱ्याकडे बघितलंच नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

आणि बोलता बोलता काय काय सांगून गेले! जीपची पुढची काच घासून गेली होती, म्हणून आषाढात नवी बसवली. तरी समोर नीट दिसेना, म्हणून दिव्याचे बल्ब बदलले, जास्त उजेडाचे टाकले. "आजकालच्या वस्तूत दम नाही, माय. सगळं लवकर आंधळं होतं." मी मान डोलावली. मी, हर्षिता, जिचं निदान चुकत नाही, मी मान डोलावून म्हणाले, "खरंय नाना, डुप्लिकेट माल येतो हल्ली." देवा! कुणीतरी त्या वेळी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

दिवाळी झाल्यावर नाना परत आले. मशीन ठीक असेल तर मग स्क्रीन खराब असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. त्यांच्याकडचा मॉनिटर होताही लहान आणि जुना. पप्पांनी लगेच मोठा मॉनिटर खाली काढला. मी आडवी आले नाही. मॉनिटर म्हातारा झाला की खरंच मंद होतो, हे मला माहीत होतं. आमच्या दुकानाची पद्धत आहे, कुठलीही वस्तू विकली की मागे छोटं स्टिकर लावायचं, त्यावर विकल्याची तारीख पेनने लिहायची, म्हणजे पुढे वॉरंटीला वाद नको. मी तारीख लिहिली, स्टिकर अंगठ्याने दाबून बसवलं. महिन्याने नानांचा फोन आला. "थोडं बरं शे, माय." मोठ्या स्क्रीनवर अक्षरं मोठी, बरं वाटणारच. मी पप्पांना म्हणाले, "बघा, बरोबर होतं माझं."

संक्रांत झाली आणि नाना तिसऱ्यांदा आले. या वेळी नुसतं मशीन नव्हतं, खिशात पैशाचं पाकीटही होतं.

"आता कार्डच बदली टाक," नाना म्हणाले. "ललित फोनवर म्हणाला, चित्र खराब म्हणजे कार्ड जुनं झालं."

मी परत सगळं तपासलं. अडखळत नाही. तापत नाही. गेम पेलतो. तिन्ही उत्तरं नाही. "नाना, तुमच्या कार्डाला काही झालेलं नाही. पैसे खिशात ठेवा."

पप्पांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरातले दागिने फेकून देत होते. आणि नाना! एवढा शांत माणूस, पण चेहरा लाल झाला. "म्हणजे मी खोटं बोलतो? खेड्यातला आहे म्हणून मला कळत नाही? सव्वीस वरीसपाईन गाडी चालाडस मी! रस्ता कसा दिसतो ते मला तू शिकवणार?"

मीही काही कमी नाही. मी म्हणाले, "ठीक आहे. मंगळवारी तुमचं स्टीअरिंग घेऊन या. माझ्यासमोर चालवा. मला धुकं दिसलं ना, तर कार्ड मी फुकट बसवीन!"

"हर्षिता!" पप्पा ओरडले. पण शब्द तोंडातून गेला होता.

मंगळवारी नाना आले. पैशाचं पाकीट, स्टीअरिंग, ब्रेक-क्लचचे पेडल, सगळं घेऊन. जीप समोरच उभी केली होती. आल्या आल्या जीपची चावी काउंटरवर ठेवली, ती त्यांची सवय. चावीला एक छोटी पितळी घंटी होती, ताईबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, बांधलेली. मी स्टीअरिंग टेबलाला स्क्रूने घट्ट आवळलं. आणि मुद्दाम एक गोष्ट केली. त्यांच्या गेममध्ये नवा नकाशा टाकला. म्हटलं, नवीन रस्ता असला की कार्डावर जास्त ताण येतो, काय ते कळेल.

मला फक्त कार्ड तपासायचं होतं.

नाना बसले. ट्रक निघाला. कोपऱ्यात साठचा आकडा, चित्र असं स्वच्छ की रस्त्याकडेच्या झाडाचं पानन् पान मोजावं. पुढे मोठी निळी पाटी आली, उजवीकडे बाण. नाना सरळ गेले. मला वाटलं, लक्ष नसेल. दुसरी पाटी आली, उजवीकडे बाण. सरळ. मग लाल सिग्नल आला. चौकात एक मोटार आडवी जात होती.

"नाना, सिग्नल!"

"कोठे?"

ट्रक मोटारीवर जाऊन आदळला. मला अजूनही वाटत होतं, गंमत करत असतील. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांची मान पुढे ताणलेली, डोळे बारीक, कपाळावर आठ्या. त्यांना स्क्रीनजवळ सरकायचं होतं, पण स्टीअरिंग टेबलाला आवळलेलं, सरकता येईना. घरी ते स्क्रीनला नाक लावून बसत असणार. आणि घरच्या गेममधले रस्ते त्यांना पाठ होते.

"पाह्य!" नाना एकदम आनंदाने म्हणाले. "दिखनं का तुले धुकं? मी सांगत नव्हतो? आता तरी पटलं ना, माय? टाक आता फुकट कार्ड!"

ते हसत होते! त्यांना वाटत होतं, ते पैज जिंकले. त्यांना वाटत होतं, मलाही तसंच दिसतंय. मी कोपऱ्यातला साठचा आकडा परत एकदा बघितला.

"नाना," मी म्हणाले, "जरा दारात या."

"कशाला?"

"या तर खरं."

ते दारात आले. दुपारचं ऊन, रस्ता मोकळा. मी समोरच्या दुकानाकडे बोट केलं. हातभर उंचीची लाल अक्षरं, पिवळ्या पाटीवर. "समोरच्या दुकानाची पाटी वाचा."

"आता हे काय नवीन?"

"वाचा ना."

नाना वैतागून, अगदी मोठ्यांदा, शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, "महावीर भांडी भांडार! झालं समाधान?"

आत पप्पा उभे होते, त्यांच्या हातातलं पेन खाली पडलं. महावीर भांडी भांडार दसऱ्याला बंद झालं होतं. तीन महिन्यांपासून तिथे एकवीरा मोबाईल होतं.

"नाना," मी म्हणाले, "ते दुकान आता नाही. तिथे मोबाईलचं दुकान आहे. तुमच्या कार्डाला काही झालेलं नाही. तुमच्या काचेलाही काही झालं नव्हतं, बल्बलाही नव्हतं."

"मन्हा डोया चांगला शेतस!" नाना ओरडले. रस्त्यावरची दोन माणसं थांबली. "सव्वीस वर्षांत एक कोंबडी मारली नाही मी!"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, हा माणूस रोज पिंपळनेरहून येतो. सामोडे, साक्री, नेर, कुसुंबा, घाटाची वळणं, गतिरोधक, खड्डे. आज सकाळीही आला. आत बारा माणसं, टपावर सामान, मागे लोंबकळणारी पोरं. हा रस्ता बघून नाही, आठवून चालवतोय! जिथे वळण पाठ आहे तिथे वळतोय. जिथे पाठ नाही तिथे, देवा, तिथे काय?

मी काउंटरकडे धावले, घंटीची चावी उचलली, ड्रॉवरमध्ये टाकली, ड्रॉवरला कुलूप लावलं आणि कुलपाची किल्ली मुठीत धरली.

"चावी दे," नाना म्हणाले.

"नाही देणार."

"मन्हा पॅसेंजर उभा शेतस चार वाजता!"

"ते एसटीने जातील."

"हर्षिता, चावी दे त्यांची," पप्पा हळूच म्हणाले. पण पप्पांचाही चेहरा पांढरा पडला होता आणि त्यांनी ते दुसऱ्यांदा म्हटलं नाही. नाना काउंटरवर हात आपटत होते. मला काय काय बोलले! मारवाड्याची पोर, शिकलेली म्हणून माज आला, गरिबाच्या पोटावर पाय देते. मी सगळं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी उलट बोलले नाही. मूठ मात्र मी उघडली नाही.

मग नाना एकदम वळले. परत दारात गेले. डोळ्यांवर हाताची सावली धरून समोर बघत राहिले. कितीतरी वेळ. पायरी उतरून रस्ता ओलांडायला लागले, तशी मी मागे धावले, दंड धरला. त्यांनी झटकला नाही. पाटीच्या अगदी खाली जाऊन उभे राहिले, मान वर करून एकेक अक्षर वाचलं. "ए... क... वी... रा..."

तिथेच एकवीरा मोबाईलच्या पायरीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माले दिखत नही, माय," ते म्हणाले.

पप्पांनी साक्री रोडच्या स्टँडवर जाऊन वाट बघणाऱ्या माणसांना एसटीने पाठवलं. मी नानांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा पिकलेला, डावा अर्धा झालेला. डॉक्टरांनी विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी हातातली बॅटरी खाली ठेवली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. ऑपरेशन साधं आहे, म्हणाले, अर्ध्या तासाचं. हे ऐकून मला आणखीच धक्का बसला. अर्ध्या तासाचं काम, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून काच बदलली, बल्ब बदलले, मॉनिटर बदलला, आता कार्ड बदलायला निघालो होतो! त्या संध्याकाळी नाना एसटीत बसून गावी गेले. सव्वीस वर्षांत या रस्त्यावर पहिल्यांदा दुसऱ्याच्या गाडीत बसले. जीप आमच्या दारात चार दिवस उभी होती, मग ललित येऊन ती आणि नानांचं मशीन गावी घेऊन गेला.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. मीही तशीच सांगत फिरत होते, महिनाभर. कसं ओळखलं, कशी चावी लपवली. लोक म्हणायचे, "वा, हर्षिता, तू पंधरा माणसांचे जीव वाचवलेस!" मी मान खाली घालायची, पण आतून फुगायची.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाल्यावर नाना आले. डोळ्यांवर काळा चष्मा, बगलेत तोच मॉनिटर, त्याच गोधडीत. मी धावत पुढे गेले. "या नाना, या! गेम लावून बघितला का? तेच कार्ड आहे, आता कसं दिसतं?"

नाना हसले नाहीत. मॉनिटर काउंटरवर ठेवला. "हा परत घे, माय. माझा जुना आता चांगला दिसतो." आणि खुर्चीवर बसून राहिले. मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत.

"काय झालं, नाना?"

पट्टी निघाल्यावर चौथ्या दिवशी ते जीप पुसायला गेले होते. पुसता पुसता डाव्या मडगार्डवर त्यांना एक ओरखडा दिसला. हातभर लांब, निळ्या रंगाचा. डावा इंडिकेटरही फुटलेला. त्यांची जीप काळी-पिवळी. निळा रंग आला कुठून? त्यांनी ताईबाईंना विचारलं. ताईबाई म्हणाल्या, हा तर दिवाळीनंतरपासून आहे, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. शेजाऱ्याने बघितला होता. रोजच्या पॅसेंजरांनी बघितला होता. सगळ्यांनी बघितला होता. कुणी बोललं नाही, कारण ड्रायव्हरला त्याच्याच गाडीबद्दल कोण सांगणार?

"मी कुणाला तरी उडवलं, माय," नाना म्हणाले. "आणि मला माहीतच नाही, कुणाला."

पप्पा गल्ल्यावरून उठून आमच्याजवळ येऊन उभे राहिले.

नाना दुसऱ्या दिवसापासून निघाले होते. एसटीने, मग पायी. पिंपळनेरपासून एकेक थांबा, एकेक वस्ती. निळं काय आहे तुमच्याकडे? मोटारसायकल, सायकल, हातगाडी, काय मोडलं का कुणाचं दिवाळीनंतर? लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट झाला. पाचव्या दिवशी सामोड्याच्या पुढे एका वस्तीवर, एका घराच्या भिंतीला टेकलेली त्यांना सायकल दिसली. निळी. मागचं चाक वाळत घातलेल्या पापडासारखं वाकडं.

सायकल मेघाची. आठवीतली पोर. त्या सकाळी तिची सायकल पंक्चर झाली होती. तिने सायकल रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्याला टेकवली आणि जीपची वाट बघत शेजारी उभी राहिली, म्हणजे सायकल टपावर टाकून शाळा गाठता येईल. जीप आली. तिने हात केला. जीप तिच्या अंगावरच आली. ती मागे उडी मारून मोरीच्या खाली पडली, म्हणून वाचली. सायकल फरफटत गेली. जीपमध्ये कुणीतरी विचारलं होतं, काय लागलं? नाना म्हणाले होते, दगड असेल.

"तिनी हात करेल व्हता, माय," नाना म्हणाले. "माले दिखना नही."

मला वाटलं, झालं असेल सांगून. झालं नव्हतं.

मेघाने घरी जाऊन सांगितलं, नानांच्या जीपने सायकल मोडली. तिचा बाप म्हणाला, जीवराम नाना? शक्यच नाही. त्यांनी सव्वीस वर्षांत कोंबडी मारली नाही. तूच रस्त्याच्या मधोमध लावली असशील, आता नानांचं नाव घेतेस? आणि पोरीला बडवलं. त्या दिवसापासून ती चार किलोमीटर चालत शाळेत जात होती. रोज सकाळी नानांची जीप तिच्याजवळून जात होती. तिने परत कधी हात केला नाही.

"मन्हा नावमुये पोरनी मार खादा," नाना म्हणाले आणि काळ्या चष्म्याखालून पाणी गालावर आलं. डॉक्टरांनी डोळ्यांना पाणी लावायचं नाही सांगितलं होतं, म्हणून मी घाईने रुमाल दिला. कार्डासाठी ठेवलेल्या पाकिटातून त्यांनी तिला नवी सायकल आणून दिली होती. पण बाप अजूनही म्हणत होता, नाना, तुम्ही मोठ्या मनाचे, उगाच पोरीची चूक अंगावर घेता. तो ऐकायलाच तयार नव्हता.

"कधी झालं हे?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्याच्या दुसऱ्या सोमवारी. सतरा तारीख. पोरीच्या वहीत आहे, त्या दिवशी तिची गैरहजेरी लागली."

काहीतरी करायचं म्हणून मी मॉनिटर गोधडीतून काढला आणि फिरवला. मागे माझं स्टिकर होतं. माझ्या अक्षरात. तीन नोव्हेंबर.

चौदा दिवस! चौदा दिवस आधी हा माणूस माझ्यासमोर याच काउंटरशी उभा होता. गणपतीनंतरच त्याने मला सांगितलं होतं, पाटी जवळ आल्यावर दिसते. त्याने काचेचं सांगितलं होतं, बल्बचं सांगितलं होतं. मी त्याला दारात नेऊन एक पाटी वाचायला लावली असती तर? एक पाटी! त्याऐवजी मी तारीख लिहिली आणि स्टिकर अंगठ्याने दाबून बसवलं.

मी पप्पांना म्हणाले, "मी जाते यांच्याबरोबर." पप्पांनी विचारलं नाही, कुठे.

एसटीत नाना ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले, खिडकीशी. एकदा फक्त नेरच्या पुढे म्हणाले, "आठे पाटी शे, माले माहीतच नव्हतं." वस्तीवर पोचलो तेव्हा मेघाचा बाप अंगणात होता. मेघा ओट्यावर अभ्यासाला बसली होती, नवी सायकल शेजारी उभी होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. नानांना दिसत नव्हतं. डॉक्टरांचा कागद दाखवला. नानांनी काळा चष्मा काढून हात जोडले. तुमची पोर खरं बोलत होती, म्हणाले. बाप कागदाकडे बघत राहिला, मग मुलीकडे. शेवटी तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

मग मी तेही सांगितलं, जे सांगायला आले होते. नाना आधी माझ्याकडे आले होते, नीट दिसत नाही म्हणाले होते, आणि मी त्यांना नवीन स्क्रीन विकला.

मेघाने वहीतून डोकं वर काढलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"ताई, ते दिसत नाही म्हणाले, तेव्हा तुम्ही त्यांच्या डोळ्यांचं विचारलं नाही का?"

मला कुणाचंही तोंड बंद करता येतं, हे सगळ्या धुळ्याला माहीत आहे.

"नाही विचारलं," मी म्हणाले.